तीन पिंपं आणि ब्लीच

माझा नवरा गेला त्याला आता दीड वर्ष होईल. जाताना तो तीन पिंपं भरून वाईन मागे ठेवून गेला, आणि ती नासली. सासूबाईंनी नासवली असं आमच्याकडे सगळे समजत होते, आणि सगळ्यांत जास्त त्या स्वतः. खरं एवढंच की ब्लीचची बाटली त्यांच्या हातात होती आणि तिने काय होणार हे माझ्या डोक्यात होतं. मी बोलले नाही. पुढे सात महिने ते कोणाला सांगितलंही नाही.

आमचं घर हॅम्पशरमधल्या एका गावात आहे. गाव म्हणजे एक चर्च, एक पब आणि जुलैतसुद्धा बूट ओले करणारं गवत. ब्रॅकनेलचं माझं ऑफिस इथून पाऊण तासावर. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्यांचं मूळ कारण लिहायचं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, हे माझं काम. या कामाने माझा स्वभाव बिघडला असं नवरा म्हणायचा. मी म्हणायचे, स्वभाव होता म्हणूनच नोकरी मिळाली.

मी पुण्याची, वर्क व्हिसावर आलेली. तो स्लाऊमध्ये जन्मलेला आणि तिथेच एका वेअरहाऊसमध्ये मॅनेजर. वाईनचं वेड त्याला विशीत लागलं. सुट्टीत द्राक्षं तोडायच्या कामाला म्हणून तो फ्रान्समधल्या एका खेड्यात गेला होता. तिथल्या कुटुंबात चार पिढ्या वाईन करत होत्या. त्यांची पद्धत अशी, की द्राक्षात काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही. बाहेरचं यीस्ट नाही, सल्फर नाही, साखर नाही. सालीवर आणि तळघराच्या भिंतींवर जे काही जिवंत असतं, त्यानेच रसाची वाईन व्हायची. घरातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही पुढे फ्रेंच काका म्हणायला लागलो, त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. त्यानंतर दर सप्टेंबरला तो तिकडे. आमचं लग्न ठरवतानाही सप्टेंबर सोडून ठरवावं लागलं.

चाळिशीत त्याने नोकरी सोडली, स्लाऊचं घर विकलं आणि इथे चुनखडीच्या उतारावर दीड एकर जमीन घेऊन वेली लावल्या. मी कधी मनापासून हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. द्राक्षं म्हटली की ती मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची, एवढंच मला येत होतं. पहिल्या तोडणीला मी मोठ्या मदतीच्या भावनेने एक अख्खं क्रेट तसं धुऊन ठेवलं, तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. सालीवरचं सगळं जिवंत मी सिंकमध्ये सोडून दिलं होतं. ते क्रेट आम्ही आठवडाभर खाल्लं.

त्याच्या आईला या धंद्याची लाज वाटायची. वेम्बलीतल्या नातेवाइकांना त्या सांगायच्या, "त्याचा फ्रूटचा बिझनेस आहे." पण दसऱ्याला त्या न चुकता यायच्या. दसरा बरोबर तोडणीच्या दिवसांत येतो, म्हणून आमच्याकडे कात्र्या, क्रेटं आणि पिंपं यांची पूजा व्हायची. प्रत्येक पिंपाला हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल. उदबत्ती मात्र नाही. उदबत्तीचा वास लाकडात जातो, असं नवरा म्हणायचा. परफ्यूम लावून शेडमध्ये यायची बंदी होती, फिनेल नाही, आणि ब्लीच तर अजिबातच नाही. हे त्याने मला एकदा नाही, निदान चार वेळा सांगितलं होतं. "ब्लीच नेव्हर. वुडला लागला ना, की बुरशीबरोबर रिअॅक्शन होते. मग माझा वाईन ओल्या कार्डबोर्डसारखा वास मारणार. देन इट्स फिनिश्ड. काही करता येत नाही." मी लॅपटॉपमधून मान वर न करता हूं म्हणायचे. नवऱ्याची भाषणं जशी ऐकतात तशी मी ती ऐकली, पण ऐकली होती.

फेब्रुवारीत छाटणी चालू होती. आठवडाभर त्याच्या छातीत दुखत होतं. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळाली होती, ती त्याने पुढे ढकलली, कारण कोरडा दिवस होता आणि वरच्या चार ओळी राहिल्या होत्या. मला हे नंतर त्याच्या फोनवर कळलं. दुपारी दीडला तो जेवायला आला नाही म्हणून मी शेडमध्ये गेले. मधल्या पिंपाला पाठ टेकून, क्रेटवर बसला होता. कात्री मांडीवर होती. मला वाटलं डुलकी लागली, आणि मी त्याच्यावर जराशी ओरडलेही.

अचानक गेलेल्या माणसाची इथे चौकशी होते, कागदपत्रं होतात, मग क्रेमेटोरियमचा स्लॉट मिळतो. आम्हाला एकोणिसाव्या दिवसाचा मिळाला. सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांना सुतक कुठून मोजायचं हे समजेना. वेम्बलीच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं, अग्नी दिल्या दिवसापासून धरा. म्हणजे महिनाभरावर सुतक. त्या दिवसांत मी शेडमध्ये दोनदाच गेले, तेही जावंच लागलं म्हणून. लाकडातून वाईन थोडी थोडी उडून जाते, त्यामुळे पिंपं दर पंधरा दिवसांनी बरणीतल्या वाईनने काठोकाठ भरावी लागतात, नाहीतर आंबट होतात. मी तोंडाने श्वास घेत ते काम उरकायचे. पाठ मधल्या पिंपाकडे येणार नाही अशी उभी राहायचे.

मार्चमध्ये सुतक फिटलं आणि सासूबाईंनी घर धुवायला काढलं. पडदे, चादरी, फ्रिजच्या मागची जागा. तीस वर्षं त्यांनी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये पॅकिंग लाईनवर काम केलंय, हाताला दम आहे. दुपारपर्यंत घर लख्ख झालं. मग पिवळे ग्लव्ह्ज न काढता त्या म्हणाल्या, "शेड राहिली."

"ती राहू दे, आई."

"अगं, तो तिथे गेला. ती कशी सोडायची?"

त्यांनी सिंकखालची ब्लीचची बाटली घेतली. मी बादली घेऊन मागोमाग गेले. दारातच मला त्याचा आवाज आठवला, तो नेव्हर हा शब्द कसा लांबवायचा तोसुद्धा. मी विसरले नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. मी दुःखात होते म्हणून सुचलं नाही, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मला त्या पिंपांचा राग आला होता. वरच्या चार ओळींपायी त्याने अपॉइंटमेंट ढकलली होती, आणि ही तीन पिंपं जशीच्या तशी, गुबगुबीत, मजेत बसली होती. त्यांचं काहीतरी वाईट व्हावं असं मला वाटलं. मी म्हणाले, "मी खिडकी उघडते."

सासूबाईंनी जमीन घासली, भिंती घासल्या, मग पिंपं बाहेरून पुसायला घेतली. त्यांवर त्याने खडूने द्राक्षाचं नाव आणि तोडणीचा दिवस लिहिला होता. ते अक्षर फडक्यात आलं. त्या रडत होत्या आणि घासत होत्या. पहिली बाटली संपली तेव्हा मी घरात जाऊन दुसरी आणून दिली. मूळ कारणाच्या रकान्यात मी लिहीन ते हे. शेवटी त्यांनी गंगाजल शिंपडलं आणि आम्ही दोघींनी चहा घेतला.

त्यानंतर ती शेड माझ्या मागे लागली.

आधी नुसता वास. ऑफिसात, गाडीत, जेवताना, ब्लीचचा वास यायचा. दोन दोनदा हात धुतले तरी यायचा. मग एप्रिलमध्ये ऊन वाढलं आणि पिंपं बोलायला लागली. ते दरवर्षी होतं. थंडीत निजलेली वाईन वसंतात जराशी पुन्हा आंबते, आणि लाकडाला कान लावला की आत बारीक चुरचुर ऐकू येते. तो मला कान लावायला बोलवायचा आणि मी हातातलं काम टाकून कधी गेले नव्हते. आता कान न लावताही मला ती ऐकू यायची. स्वयंपाकघरात उभी असले तरी. दुपारी दीडला, घरून काम करायच्या दिवशी, मागच्या दाराशी कोणी बूट झटकल्याचा आवाज यायचा आणि मी उठून दार उघडायचे. एकदा तर ताट वाढून ठेवलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या स्वतःच त्या ताटात जेवल्या.

मी चाचणी करणारी बाई आहे. आवाज येतो म्हटलं तर कुठून, किती वाजता, कोणत्या हवेत, हे मी वहीत लिहून पाहिलं. काही जमलं नाही. एवढंच कळलं की ज्या दिवशी सासूबाई लेकीकडे स्लाऊला गेलेल्या असायच्या, त्या दिवशी आवाज जास्त येई. घरात दुसरं माणूस असलं की मला त्याची भीती वाटत नसे. त्याची म्हणजे काय, मी केलेल्या गोष्टीची.

जूनमध्ये बाटल्या भरायच्या असतात. फ्रेंच काका सत्तरी ओलांडलेले, तरी स्वतःहून म्हणाले, मी येतो. ट्रेनने आले, कोटाच्या आतल्या खिशात वाईन काढायची काचेची नळी टॉवेलात गुंडाळून. शेडच्या दारातच ते थांबले. आत जाऊन पहिल्या पिंपातून थोडी वाईन काढली, तोंडात फिरवली, थुंकली. दुसऱ्यातून काढली, थुंकली. तिसऱ्याला त्यांनी नुसतं नाक लावलं. मग लाकडाला, मग भिंतीला.

"इथे कोणी ब्लीच वापरलं?" त्यांनी मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं.

सासूबाई पोह्यांच्या बश्या घेऊन मागे उभ्या होत्या. "आय डिड," त्या म्हणाल्या. "आय वॉश्ड एव्हरीथिंग. का गं, काय झालं?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "त्याने तुला सांगितलं असेल ना."

"मी शेडच्या कामात कधी नव्हते," मी म्हणाले.

एवढं खोटं मी आयुष्यात इतक्या सहज बोलले नव्हते. त्यांनी पुढे विचारलं नाही. वाईन वाचणार नाही, पिंपंही पुन्हा वापरता येणार नाहीत, जाळून टाका, आणि यंदाचा रस या शेडमध्ये ठेवू नका, एवढं सांगितलं. मग सगळे पोहे खाल्ले. जाताना त्यांनी सासूबाईंना जवळ घेतलं आणि फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले. सासूबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्या सारख्या सॉरी म्हणत होत्या.

त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. त्यांच्याबाबतीत चहा सोडणं म्हणजे जेवण सोडल्यासारखंच आहे. वेम्बलीला, पुण्याला, ज्याचा ज्याचा फोन येईल त्याला त्या सांगायच्या, "त्याची शेवटची वाईन माझ्या हातून गेली." आता फ्रूटचा बिझनेस म्हणत नव्हत्या. समोरचा म्हणायचा, जाऊ द्या हो, तुम्हाला काय माहीत. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली असायचे आणि ते वाक्य माझ्या कानशिलात बसायचं.

जुलैत मला माणसाचा आवाज ऐकू यायला लागला. सकाळी सातला, मी ब्रॅकनेलला निघायच्या वेळी, शेडमधून पुटपुटणं. तो असताना पिंपांशी असाच बोलायचा, त्याच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत. पहिले तीन दिवस मी तिकडे न बघता गाडी काढली. चौथ्या दिवशी मला स्वतःचीच चीड आली आणि मी जाऊन खिडकीतून पाहिलं.

सासूबाई होत्या. मधल्या पिंपावर एक हात ठेवून उभ्या. "चुकलं रे माझं. मला ठाऊक नव्हतं. आईला माफ कर." पुन्हा तेच. पुन्हा तेच. दहा मिनिटं त्या तेवढंच म्हणत होत्या.

मी चोरपावलांनी मागे फिरले आणि ऑफिसला गेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, नाहीतर त्याच संध्याकाळी. मी का नाही सांगितलं याचं उत्तर फार साधं आहे. त्या निघून गेल्या असत्या. त्यांची लेक स्लाऊला बोलावतच होती. या देशात त्याच्याबद्दल माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. तो लहानपणी कशाला घाबरायचा, त्याला कोणती भाजी आवडायची नाही, हे त्या भांडी घासता घासता सांगतात. त्या गेल्या असत्या तर ते घर, दुपारचं दीड आणि मी, एवढंच राहिलं असतं. म्हणून मी त्यांना झुरू दिलं. ऑगस्टअखेर त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. मी त्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या.

सप्टेंबरच्या शेवटी द्राक्षं तयार झाली. मी तोडणार नव्हते, पण सासूबाई रोज ओळींतून फिरून यायच्या आणि पदार्थ चाखल्यासारखा एक एक मणी चाखायच्या. शेजारच्या गावातल्या एका वाईनवाल्याने आपल्या शेडमधली एक स्टीलची टाकी देऊ केली. "त्याची झाडं आहेत. पक्ष्यांना कशी सोडायची," सासूबाई म्हणाल्या. मग तोडणीच्या आधी, काकांनी जाळायला सांगितलेली ती तीन पिंपं रिकामी करणं आलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघींनी पहिलं पिंप फळीवरून बाहेर लोटलं, बांधाच्या खाली खाजऱ्या नेटलच्या झुडपांत आडवं केलं आणि बूच काढलं. वाईन गडद लाल, दिसायला सुंदर होती. सासूबाई घरातून वाटी घेऊन आल्या. आयुष्यात त्यांनी थेंब चाखला नव्हता. धारेखाली वाटी धरली, डोळे मिटून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पुठ्ठा," त्या म्हणाल्या. "पॅकिंग लाईनवर पाऊस गळायचा तेव्हा असाच वास." उरलेलीही त्यांनी पिऊन टाकली. "मी केलंय, मीच प्यायला पाहिजे."

दुसरं पिंप म्हणजे मधलं. ते बाहेर आणून आडवं केलं आणि त्या त्यावर हात ठेवून पुन्हा सुरू झाल्या. चुकलं रे माझं. मला ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच हे म्हणत होत्या. वाटी पुन्हा धारेखाली गेली, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"आई, मला ठाऊक होतं."

"काय?"

"ब्लीच चालत नाही ते. त्याने मला सांगितलेलं. त्या दिवशी दारातच आठवलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. दुसरी बाटली मी आणून दिली."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. वाटी भरून वाहायला लागली, आमच्या दोघींच्या बाह्या लाल झाल्या. मी अपॉइंटमेंटचं सांगितलं, वरच्या चार ओळींचं सांगितलं, राग आला होता म्हटलं. माझ्याच कानाला ते कारण फार क्षुल्लक वाटलं. पिंप पूर्ण गळेपर्यंत त्यांनी वाटी तशीच धरून ठेवली. मग बाहेरच्या नळाशी जाऊन हात धुतले आणि कार्डिगनला पुसले.

"जूनपासून मी त्याची माफी मागतेय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी."

"हो."

"तुला दिसत होतं?"

"जुलैपासून."

त्यांनी मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात तशी. मी विचारलं, "तुम्ही स्लाऊला जाणार का?"

"ते मी अजून ठरवलं नाही. तिसरं पिंप तू एकटी काढ," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून तू माग."

दुसऱ्या दिवशी सातला मी रिकाम्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले. सोळा वर्षांच्या संसारात मी त्याची एकदाही माफी मागितली नव्हती. दर वेळी त्यानेच मागितली. मी बराच वेळ उभी राहिले, आणि सुरुवात कशाने करतात तेच मला येईना.